सहाशे बारा तुटलेल्या लिंका

हरदास सरांनी पाण्याच्या कूलरच्या वर टीव्ही लावून घेतला तेव्हा इलेक्ट्रिशियन अजून शिडीवरच होता. टीव्हीच्या पडद्यावर लाल रंगात एकच आकडा होता, ६१२.

"पाणी प्यायला जो येईल त्याला हा दिसला पाहिजे," सर म्हणाले. "मार्च संपायच्या आत इथे शून्य पाहिजे."

"कशाचा आकडा आहे, साहेब?" शिडीवरच्या माणसानं विचारलं.

"तुटलेल्या लिंकांचा."

तो माणूस एक पायरी खाली उतरला, पुन्हा आकड्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बापरे, मग वायरिंगचंच काहीतरी असेल."

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीसची होते आणि नागपुरातल्या त्या कंपनीत हेल्पची पानं लिहायचं काम करत होते. कंपनी रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कुठली पिशवी कुठल्या गटाची, कधी आली, कुणाला दिली, फ्रिज किती थंड आहे, सगळं त्यात. गिऱ्हाइकं बहुतेक तालुक्याच्या गावांमधली. स्क्रीनवर काही अडलं की खाली निळ्या अक्षरात 'इथे पाहा' असं यायचं. ते दाबलं की आमच्या वेबसाइटवरचं त्या अडचणीचं पान उघडायचं. निदान उघडायला हवं होतं.

आदल्या दिवाळीत सरांनी वेबसाइटची नव्यानं मांडणी करवून घेतली होती. पानांना नवी, भारदस्त नावं दिली गेली, पत्ते बदलले. नावं द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी फार हौसेनं केलं. पण गावोगावच्या कंप्युटरांमध्ये जे सॉफ्टवेअर बसलं होतं, त्याला जुनेच पत्ते पाठ होते. त्यामुळे 'इथे पाहा' दाबलं की 'पान सापडले नाही' एवढंच यायचं. रोज सकाळी सहा वाजता एक छोटा प्रोग्राम सगळ्या लिंका उघडून बघायचा आणि न उघडणाऱ्यांची मोजदाद करायचा. तो आकडा आता कूलरवर आला होता, कारण एप्रिलच्या पहिल्या बुधवारी आम्हाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे तपासनीस येणार होते आणि त्यांच्या यादीत तुटलेल्या लिंकांचं एक कलम होतं.

हेल्पच्या पानांवर आम्ही दोघीच होतो. मी आणि उमाटे मॅडम. मॅडम आधी कॉलेजात ग्रंथपाल होत्या. कॉलेज बंद पडलं आणि त्या इकडे आल्या. वय पंचावन्नच्या पुढे. त्यांनी लाल यादी छापून घेतली, एक लांबट वही आणली आणि कामाला लागल्या. वहीत डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे ते पान आता कुठे आहे ते. पान सापडलं की जुन्या पत्त्यावर एक सूचना बसवायची, म्हणजे तिकडे येणारा माणूस आपोआप नव्या जागी पोचेल. सापडलं नाही तर समोर लिहायचं, 'पान नाही. लिहावे लागेल.' दिवसाला नऊ-दहा लिंका व्हायच्या.

"पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात ठेवलं तर जुन्या जागी चिठ्ठी ठेवायला नको का?" त्या म्हणायच्या. "आपण चारशे पुस्तकं हलवली आणि एक चिठ्ठी ठेवली नाही."

मी मान डोलवायचे. मला ते काम भयंकर कंटाळवाणं वाटत होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमच्या यजमानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्यांनी तीन दिवस रजा टाकली. पहिल्याच दुपारी हरदास सर कागदी ग्लास हातात घेऊन कूलरसमोर उभे होते. आकडा होता ५७४.

"ललिता," ते म्हणाले, "या वेगानं शून्य कधी येईल?"

मी मनात हिशेब केला. "मे संपेल, सर."

"तू इंजिनिअर आहेस ना?"

"हो."

"मग उमाटे मॅडमनी करायचं ते त्या करतायत. तू करायचं ते तू कधी करणार?"

एवढं बोलून ते गेले. तसे ते वाईट नव्हते. पण त्यांचं ते बोलणं मला लागलं. मी जागेवर जाऊन बसले आणि अर्ध्या तासात सहा ओळी लिहिल्या. त्यांचा अर्थ असा, की जो पत्ता सापडणार नाही त्यावर येणाऱ्या माणसाला आमच्या पहिल्या पानावर नेऊन सोडायचं. पहिल्या पानावर निळा आकाश-ढगांचा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरात 'आपले स्वागत आहे'.

मग मोजणारा प्रोग्राम मी हातानं चालवला. त्यानं पहिली लिंक दाबली, एक पान उघडलं. बरोबर. दुसरी दाबली, एक पान उघडलं. बरोबर. कुठलं पान उघडलं हे बघणं त्याचं काम नव्हतं.

वीस मिनिटांनी कूलरपाशी कुणीतरी ओरडलं. पडद्यावर हिरवं शून्य होतं. सर केबिनमधून बाहेर आले, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कसं केलंस?"

"एक नियम टाकला, सर."

"एकच?"

"एकच."

त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. कसला नियम, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तसं बघितलं तर मी खोटं काही बोलले नव्हते.

उमाटे मॅडम रजेवरून आल्या तेव्हा आधी त्यांनी डबा कपाटात ठेवला, मग कूलरवर बाटली भरायला गेल्या. परत आल्या त्या वही उघडूनच. यादीतल्या चार-पाच लिंका दाबून बघितल्या. मी माझ्या स्क्रीनकडे बघत होते.

"ललिता, ही लिंक कुठे जाते?"

"पहिल्या पानावर."

"आणि ही?"

"तीपण."

"वाचणाऱ्याला कुठे जायचं होतं?"

"तिथून त्याला शोधता येतं ना, मॅडम. वर शोधायची चौकट आहे."

मॅडमनी वही मिटली. "आधी आपल्याला ठाऊक तरी होतं काय तुटलंय ते," त्या म्हणाल्या. "आता यादी रिकामी आहे. मी दुरुस्त काय करू?"

त्या सरांकडे गेल्या. काचेच्या केबिनमधलं ऐकू येत नव्हतं, पण सर हसत होते आणि दोनदा कूलरच्या दिशेनं बोट दाखवत होते. मॅडमनी मग दीड पानाचं पत्र लिहून दिलं. पुढच्या सोमवारी आम्हाला कळलं, की ग्राहकांशी बोलण्याचं त्यांचं कसब पाहता त्यांना फोनच्या टेबलावर नेमलं आहे. त्या वही आणि डबा घेऊन जिन्याजवळच्या टेबलावर जाऊन बसल्या. जाताना मला म्हणाल्या, "खुर्ची तुझ्या टेबलाशी ओढून घे. माझी जास्त चांगली आहे." मी घेतली.

माझा सत्कार शुक्रवारी सकाळी साडेअकराला होता. शाल, नारळ आणि केक. सरांनी शून्याच्या आकाराचा केक सांगितला होता. मध्ये भोक असलेला तो केक बेकरीवाल्यानं इतका मनावर घेतला, की भोकाच्या मानानं केक फारच थोडा उरला होता. सरांचं भाषण चालू असताना दारात उमाटे मॅडम दिसल्या. त्यांनी मला हातानं बोलावलं.

"फोन आहे," त्या जिन्याजवळ म्हणाल्या. "रक्तपेढीतून. लिंक उघडत नाही म्हणतात. मी म्हटलं, ज्यांनी केलंय त्यांनाच देते."

मी खांद्यावर शाल तशीच ठेवून रिसीव्हर घेतला.

"नमस्कार मॅडम, मी देविदास मडावी, टेक्निशियन." त्यानं गावाचं नाव सांगितलं. पार पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यातलं. "फ्रिजची तापमानाची वायर ढिली झाली जी. म्हणून कंप्युटरनं साऱ्या पिशव्यांले कुलूप लावलं. एकोणीस पिशव्या. खाली लिहिलं हाये, कुलूप उघडण्यासाठी इथे पाहा. मी दाबलो."

"मग?"

"मंग ते म्हणते, आपले स्वागत आहे."

उमाटे मॅडम समोर उभ्या होत्या.

"वर शोधायची चौकट आहे ना," मी म्हटलं, "तिथे 'कुलूप' लिहून बघा."

"पाहिलो जी. काही निघत नाही."

मी मॅडमच्या कंप्युटरवर स्वतः शोधून बघितलं. खरंच काही निघत नव्हतं. "पेशंट आहे का कुणी?"

"हाये ना. बाळंतीण हाये. रक्त थांबून नाही राहिलं. डॉक्टरांनी दोन पिशव्या मागितल्या."

त्यानंतर माझ्या बोटांना कीबोर्डवरची अक्षरं सापडेनात. मी 'उघडणे' लिहिलं, 'लॉक' लिहिलं, 'फ्रिज' लिहिलं. फ्रिजची एकोणतीस पानं निघाली. मॅडमनी तोवर वही उघडली होती. डावीकडच्या पत्त्यांवरून त्यांचं बोट खाली खाली सरकत गेलं, थांबलं, आणि त्यांनी वही माझ्यासमोर फिरवली. उजवीकडे त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'साठा विलगीकरण व मुक्तता.'

ते नाव मीच दिलं होतं. दिवाळीच्या आधी. 'कुलूप' हा शब्द मला गावंढळ वाटला होता.

पान उघडलं. मी एकेक पायरी वाचायला लागले. हातातल्या थर्मामीटरनं फ्रिजचं तापमान बघा आणि आकडा भरा. त्यानं भरला, चार अंश. पिशव्या डोळ्यांनी तपासल्याची खूण करा. त्यानं केली. मग डॉक्टरांचा पासवर्ड.

"डॉक्टर तं थेटरात हायेत," तो म्हणाला. "बाहेर आले की टाकतील."

"अहो, पण त्याशिवाय कुलूप उघडणार नाही. पेशंटला रक्त कसं देणार?"

"रक्त देलं जी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कधी?"

"तुमाले फोन लावायच्या आधी. पारा चारवर होता, पिशव्या चांगल्या होत्या, गट जुळवून पाहिला, डॉक्टरांनी कागदावर सही देली. देलो." मग मला समजावल्यासारखं म्हणाला, "कुलूप पडद्यावर हाये मॅडम. फ्रिजले कुठं हाये."

"मग तुम्ही फोन कशासाठी केलात?"

"कंप्युटरात त्या दोन पिशव्या कुलुपातच दिसते ना. उद्या साहेब विचारन, कुलुपातलं रक्त कसं देलं म्हणून."

मी उरलेली पायरी सांगितली, त्यानं ती लिहून घेतली, 'लय मेहरबानी' म्हणाला आणि फोन ठेवला. मी खुर्चीत बसून राहिले.

"वाचली का ती?" मॅडमनी विचारलं.

"रक्त आधीच दिलं होतं त्यांनी."

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या आणि वही मिटली.

मी आत गेले. केक संपला होता. सरांनी माझ्यासाठी एक तुकडा राखून ठेवला होता, तो मी खाल्ला. काही बिघडलं नव्हतं, असं मी स्वतःला दुपारभर सांगत होते, आणि संध्याकाळपर्यंत मला ते पटलंही होतं.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मडावींचा पुन्हा फोन आला. या वेळी तो उमाटे मॅडमनीच घेतला आणि येऊन मला सांगितलं. मडावींना नोटीस आली होती. संगणकानं कुलूपबंद केलेल्या पिशव्या नियमबाह्य रीतीनं दिल्या, खुलासा करावा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत. खुलाशासोबत कंपनीचं पत्र लागत होतं, की सूचनेचं पान त्या दिवशी उघडत नव्हतं.

मी सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्र देऊ की," ते म्हणाले. "गुरुवारी देऊ."

"सर, मुदत उद्याची आहे."

"आणि तपासनीस परवा येतायत. आज आपण लेटरहेडवर लिहून द्यायचं की आमची लिंक चुकीची होती, आणि परवा त्यांना शून्य दाखवायचं. तूच सांग, कसं दिसेल ते?"

"पण ती चुकीची होती, सर. सगळ्याच आहेत. पाचशे चौऱ्याहत्तर."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

मग मी त्यांना सहा ओळींचा अर्थ सांगितला. त्यांना तो खरोखरच ठाऊक नव्हता, की मॅडमचं पत्र वाचूनही ठाऊक करून घ्यायचा नव्हता, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांनी काचेतून हिरव्या शून्याकडे बघितलं.

"गुरुवारी," ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी मी आठलाच ऑफिसला गेले. सहा ओळी पुसल्या आणि मोजणारा प्रोग्राम चालवला. पडद्यावर लाल ५७४ परत आला. मग लेटरहेडवर चार वाक्यं लिहिली. त्या दिवशी सूचनेची लिंक चुकीच्या पानावर जात होती, ती तशी मी केली होती, टेक्निशियनला पायऱ्या मिळणं शक्य नव्हतं, त्यांनी थर्मामीटरनं केलेली खातरी योग्य होती. खाली सही केली आणि फॅक्सनं पाठवून दिलं. सही करायचा अधिकार मला होता की नाही, हे मी कुणाला विचारलं नाही.

सर दहाला आले. कूलरपाशी थांबले. माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "टीव्ही काढून टाक."

"इलेक्ट्रिशियनला फोन केलाय, सर. तो गुरुवारी येईन म्हणाला."

हे खरं होतं. पण सरांना ते खरं वाटलं नसावं. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी घरी जाऊन आईला सांगितलं की नोकरी बहुतेक गेली.

बुधवारी तपासनीस आले. दोघे होते. त्यातल्या वयस्कर गृहस्थांना मधुमेह होता, ते येताक्षणी पाणी प्यायला गेले. ग्लास भरता भरता त्यांनी वर बघितलं. "हे काय आहे?"

सरांनी एक क्षणही घेतला नाही.

"आमच्या तुटलेल्या लिंका," ते म्हणाले. "आम्ही आमच्या चुका भिंतीवर लावतो."

तपासनीसांनी डायरी काढून ते वाक्य लिहून घेतलं. अहवालात त्याला स्वतंत्र परिच्छेद मिळाला. पारदर्शकतेचा अनुकरणीय नमुना. प्रमाणपत्र मिळालं, लिंका दुरुस्त करायला एक वर्षाची मुदतही मिळाली. पुढे सर त्या वाक्यावर इतर कंपन्यांमध्ये भाषणं द्यायला लागले, आणि काही वर्षांनी त्यांना ते सगळं आपणच मुद्दाम केलं होतं असं मनापासून वाटायला लागलं. माझी नोकरी गेली नाही. उमाटे मॅडमना परत आणायचं ठरलं, कारण अहवालात त्यांच्या वहीचाही उल्लेख आला होता. 'हस्तलिखित नोंद-प्रणाली' म्हणून.

त्यानंतर आम्ही दोघींनी एकेक लिंक धरली. पान हलवायचं तर आधी जुन्या पत्त्यावर सूचना, मग हलवायचं. मोजणाऱ्या प्रोग्रामला मी शिकवलं, की पान उघडलं एवढ्यावर खूश व्हायचं नाही, हवं तेच उघडलं का ते बघायचं. त्या पानाचं नाव मी परत 'कुलूप कसं उघडावं' असं केलं. तरीही चुकून एखादी लिंक तुटलीच तर काय दिसावं, हे मॅडमनी लिहून दिलं. 'हे पान सापडत नाही. चूक आमची आहे, तुमची नाही. या नंबरवर फोन करा.' सरांना 'चूक आमची' खटकलं होतं. पण चुका भिंतीवर लावणाऱ्याला ते पानावरून काढा म्हणणं अवघड झालं.

मडावींची नोटीस मागे घेतली गेली. मात्र वरच्यांना काहीतरी कारवाई दाखवायची होती. म्हणून त्यांना सॉफ्टवेअर वापरायच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला नागपूरला पाठवलं. प्रशिक्षण द्यायला मी होते.

जूनमधली गोष्ट. समोर अकराजण बसले होते. मडावी पहिल्या रांगेत, चाळिशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिल्या दिवशी ते सगळं लिहून घेत होते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मी त्यांच्याजवळ गेले.

"ती बाई कशी आहे?"

"बरी हाये आता. चंद्रपूरला न्या लागलं होतं, अकरा दिवस होती. पोरगी हाये तिले."

"तुम्ही वेळेवर रक्त दिलंत म्हणून."

त्यांनी कप बशीत ठेवला. "वेळेवर कुठं जी. पंचवीस मिनिटं गेली."

"कशात?"

"ते दाबण्यात. दाबलं की स्वागत आहे. पुन्हा दाबलं की स्वागत आहे." ते अगदी सहज सांगत होते. "पान नाही असं म्हटलं असतं तं मी समजलो असतो, कंपनीचं बिघडलं. आदी तसं यायचं ना, तवा आम्ही ते सोडून द्यायचो अन् आपल्या अकलेनं करायचो. पण हे तं स्वागत करून राहिलं होतं. मले वाटलं, सारं बरोबर हाये, आपल्यालेच जमून नाही राहिलं. डॉक्टर आतून ओरडत होते, अन् मी आपला दाबून राहिलो."

सहा ओळी नसत्या तर त्या माणसानं पहिल्याच मिनिटाला फ्रिज उघडला असता.

चहा संपला. सगळे आत जाऊन बसले. मी न सापडणाऱ्या पानाचा नमुना पडद्यावर लावला. मॅडमनी लिहिलेलं ते वाक्य मडावींनी सावकाश, ओठ हलवत वाचलं. दोनदा वाचलं. मग हात वर केला.

"मॅडम, हे कागदावर छापून भेटन का? शिक्का मारून?"

"कशाला हवंय?"

"आमच्या इथं लावतो जी. एकोणीस वर्षं झाली नोकरीले. 'चूक आमची आहे, तुमची नाही', असं कोणी लिहून देल्लं नाही आजवर."

वर्गातले बाकीचे दहाजण हसले. मडावी हसत नव्हते. ते पेन काढून माझ्या उत्तराची वाट बघत होते.